कारभाराचा हिशेब
(उद्योगांच्या सामाजिक जबाबदारीचे राष्ट्रीय मोजमाप : एक मागोवा)

कंपनीच्या जमाखर्चाच्या वह्या दरवर्षी सनदी लेखापाल तपासतात. नफा किती झाला, कर किती भरला, यंत्रांची झीज किती धरली, हे सारे त्या तपासणीतून कळते. कंपनीने आपल्या कामगारांना, गिऱ्हाइकांना आणि कुंपणाबाहेरच्या वस्तीला कसे वागविले, हे मात्र त्या वह्यांत सापडत नाही. हे दुसरे खातेही बाहेरच्या माणसांनी उघडून पाहावे, या विचाराने जमशेदपूरच्या टाटा पोलाद कंपनीने १९७९ साली तिघांची एक समिती नेमली. मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती एस. पी. कोतवाल, राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारी आणि लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर यांचे चिरंजीव प्रा. पु. ग. मावळंकर हे ते तिघे. कंपनीने १९७० च्या सुमारास आपल्या नियमावलीत एक कलम घातले होते. गिऱ्हाईक, कामगार, भागधारक, समाज आणि स्थानिक रहिवासी या सर्वांप्रती असलेल्या सामाजिक व नैतिक जबाबदारीचे भान कंपनीने ठेवावे, असा त्याचा आशय. हे कलम कागदावर राहिले की आचरणात उतरले, एवढेच या समितीने पाहायचे होते. १९८० साली तिने आपला अहवाल दिला.

आपल्या देशात एखाद्या उद्योगाने स्वत:च्या सामाजिक वर्तनाची तपासणी बाहेरच्यांच्या हाती सोपविल्याचे हे पहिले मोठे उदाहरण मानले जाते. आज, कायद्याने सक्तीची झालेली सामाजिक जबाबदारी आपल्या अंगवळणी पडलेली असताना, त्या तिघांची आठवण करण्याचे कारण असे की त्यांच्यापुढील प्रश्न अजून सुटलेला नाही. उद्योगाचे समाजाशी असलेले वर्तन मोजायचे कोणी, आणि कशाने? देशभरातील हजारो कंपन्यांचे मिळून मोजमाप करायचे म्हटले की हा प्रश्न अधिकच बिकट होतो.

धनी आणि कारभारी यांच्यातील हिशेबाचा दाखला शुभवर्तमानाच्या वाचकांना नवा नाही. लूकच्या शुभवर्तमानातील कारभाऱ्याला धन्याने हिशेब द्यायला बोलावले, तेव्हा त्याची जी धांदल उडाली ती आपण मिस्सात वारंवार ऐकली आहे. पण त्या दाखल्यात हिशेब घेणारा कोण, हे ठाऊक आहे. उद्योगांच्या इतिहासात हिशेब घेणारा सारखा बदलत गेला आहे, आणि ज्याच्या हाती तराजू, त्याच्या मनाप्रमाणे वजनेही बदलत गेली आहेत.

आपल्याकडील गोष्ट मुंबईच्या गिरण्यांपासून सुरू होते. मुंबई सरकारने गिरण्यांतील परिस्थितीच्या चौकशीसाठी १८७५ साली पहिले कमिशन बसविले. त्यामागे कामगारांविषयीचा कळवळा होता तसाच लँकेशायरच्या गिरणीमालकांचा हिशेबही होता; मुंबईतील स्वस्त मजुरीमुळे त्यांच्या कापडाला स्पर्धा होऊ लागली होती. हेतू शुद्ध नसतानाही परिणाम चांगला होऊ शकतो, याचे हे उदाहरण म्हणावे लागेल. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली. सात वर्षांखालील! आज ते वाचताना अंगावर काटा येतो. त्या काळी ती सुधारणा होती. १८८४ साली पुन्हा कमिशन बसले, तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि पाच हजारांहून अधिक कामगारांच्या सह्यांचे निवेदन कमिशनपुढे ठेवले. आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळावी, दुपारी अर्धा तास विश्रांती असावी, पगार वेळेवर व्हावा, अशा त्यात साध्या मागण्या होत्या. आमच्या मते या देशातील उद्योगांचे खरेखुरे सामाजिक मोजमाप त्या निवेदनापासून सुरू झाले, कारण ज्यांच्या अंगावर कामाचे ओझे होते त्यांनीच ते मांडले होते. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. लोखंड्यांनी रविवार मागितला तो खंडोबाचा वार म्हणून; आम्हा ख्रिस्ती कुटुंबांना तोच दिवस प्रभूचा दिवस म्हणून लाभला. रविवारच्या मिस्साला निवांत जाणाऱ्या प्रत्येक कामगार कुटुंबावर त्या सत्यशोधक पुढाऱ्याचे थोडे ऋण आहे, याची आठवण आपल्या धर्मग्रामांत क्वचितच निघते.

पुढच्याच वर्षी, १८९१ मध्ये, नवा कारखाना कायदा आला. मुलांचे किमान वय नऊ झाले, स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा पडली आणि साप्ताहिक सुट्टीला कायद्याचा आधार मिळाला. त्याच वर्षी १५ मे रोजी पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोवारुम’ हे परिपत्रक प्रसिद्ध केले. मजुरी हा निव्वळ दोघांतला सौदा नव्हे. मजुराच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहाला पुरेल इतके वेतन देणे हा न्यायाचा भाग आहे. कामगारांना संघटना करण्याचा हक्क आहे. दुर्बलांच्या रक्षणासाठी शासनाने हस्तक्षेप करणे योग्य आहे, हे त्यातील मुख्य प्रतिपादन. रोम आणि मुंबई यांचा त्या वर्षी परस्परांशी काही संबंध नव्हता. तरी दोन्हीकडे एकच गोष्ट मान्य झाली : धनिकाने कामगारासाठी जे करायचे त्यात दया किती आणि देणे किती, याची वाटणी एकट्या धनिकाने करायची नाही. २०२५ च्या मे महिन्यात निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी हे नाव का घेतले, ते सांगताना याच परिपत्रकाचा उल्लेख केला होता.

जमशेदपूरच्या कारखान्याचा लौकिक याच वाटणीच्या संदर्भात पाहावा लागतो. तेथे १९१२ साली आठ तासांचा दिवस आला, १९१५ साली मोफत औषधोपचार, १९२० साली भरपगारी रजा आणि भविष्यनिर्वाह निधी, १९२८ साली प्रसूतीची रजा. त्यांपैकी बहुतेक गोष्टी देशाच्या कायद्यात यायला पुढे कित्येक वर्षे लागली. हे श्रेय निर्विवाद आहे. तथापि ज्या १९२० सालाचा त्यात उल्लेख येतो त्याच साली तेथे मोठा संप झाला होता, १९२२ आणि १९२८ मध्येही झाला, आणि कामगारांच्या संघटनेला मान्यता मिळावी म्हणून दीनबंधू सी. एफ. अँड्र्यूज यांना व १९२५ साली खुद्द गांधीजींना जमशेदपूरला जावे लागले, हेही इतिहासात नमूद आहे. कंपन्यांच्या गौरवग्रंथांत पहिली यादी ठळक अक्षरांत असते, दुसरी बहुधा नसते. त्याच नगरात १९४९ साली येशूसंघीय फादर क्विन एनराइट यांनी झेवियर कामगार-संबंध संस्था स्थापन केली. मालक आणि कामगार या दोहोंना एका छताखाली शिकविण्याचा तो ख्रिस्तसभेचा प्रयत्न होता.

गांधीजींची विश्वस्ताची कल्पना या साऱ्याच्या पाठीशी होती. धनिकाने आपल्या संपत्तीचा मालक म्हणून नव्हे तर विश्वस्त म्हणून उपभोग घ्यावा, असे ते सांगत. या कल्पनेला एक मोठी अडचण आहे, आणि ती अनेकांनी दाखविली. न्यासाचा विश्वस्त धर्मादाय आयुक्तांना हिशेब देतो. गांधीजींच्या विश्वस्ताने हिशेब द्यायचा तो स्वत:च्या अंत:करणाला. १९६५ साली दिल्लीत उद्योगांच्या सामाजिक जबाबदाऱ्यांवर जो परिसंवाद झाला, त्यात जयप्रकाश नारायण यांचा पुढाकार होता आणि पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांचा त्याला पाठिंबा होता. भागधारक, कामगार, गिऱ्हाईक आणि समाज अशा सर्व दिशांनी उद्योग उत्तरदायी आहे, असे जाहीरनाम्यात मान्य झाले. अमेरिकेत त्याआधी बारा वर्षे, १९५३ मध्ये, हॉवर्ड बोवेन यांचा उद्योजकांच्या सामाजिक जबाबदाऱ्यांवरील ग्रंथ निघाला होता. या विषयाचा तो आद्यग्रंथ समजला जातो. तो तेथील प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या महासंघाने हाती घेतलेल्या अभ्यासमालेत प्रसिद्ध झाला होता, ही गोष्ट आज व्यवस्थापनशास्त्राचे विद्यार्थी विसरून गेले आहेत. उलट बाजूही जोरात होती. १९७० साली मिल्टन फ्रीडमन यांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या साप्ताहिकात लिहिलेल्या लेखात, कायद्याच्या आणि रूढ नीतीच्या चौकटीत राहून नफा वाढविणे हीच उद्योगाची सामाजिक जबाबदारी, असे ठासून मांडले. दुसऱ्याच्या पैशाने दानशूर होण्यावर त्यांचा आक्षेप होता. तो आक्षेप तितकासा पोकळ नाही, आणि पुढे आपल्या कायद्यातही तो वेगळ्या रूपाने डोकावला.

१९७८ साली न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीने, कंपन्यांनी आपल्या वार्षिक अहवालासोबत सामाजिक अहवालही द्यावा, अशी शिफारस केली. ती शिफारस बासनात राहिली. कोतवाल समितीचे काम याच पार्श्वभूमीवर झाले. एक कंपनी स्वेच्छेने तपासणीला सामोरी गेली, बाकीच्यांना तसे कोणी सांगितले नाही.

मग २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानची ती रात्र आली. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट वायू सुटला आणि झोपेतली हजारो माणसे मेली; त्याहून कितीतरी अधिक आयुष्यभराची पंगू झाली. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली, २०१० मध्ये सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली, आणि वाढीव भरपाईसाठी केंद्र सरकारने केलेली याचिका मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. भोपाळने एक गोष्ट कायमची दाखवून दिली. कंपनी गावासाठी काय करते याहून ती गावाशेजारी काय साठवून ठेवते, हा प्रश्न आधीचा आहे. त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. कारखाना कायद्यातही १९८७ साली धोकादायक उद्योगांसाठी नवे प्रकरण घालण्यात आले.

१९९१ साली देशाने आर्थिक उदारीकरणाचा मार्ग धरला. त्याच वर्षी ‘रेरुम नोवारुम’च्या शताब्दीनिमित्त पोप जॉन पॉल दुसरे यांनी ‘सेन्तेसिमुस आन्नुस’ हे परिपत्रक काढले. नफ्याचे योग्य स्थान त्यांनी मान्य केले. मात्र जमाखर्च चोख असूनही कंपनीतील माणसांची मानहानी होत असू शकते, आणि कंपनी ही मुळात माणसांचा समुदाय आहे, असे त्यांनी बजावले. जुलै १९९७ मध्ये आंध्र प्रदेशातील आदिवासी जमिनींवरील खाणींविषयीच्या ‘समता’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, अशा भागात उद्योग करणाऱ्यांनी निव्वळ नफ्याचा किमान २० टक्के भाग तेथील आरोग्य, शिक्षण, रस्ते अशा सोयींसाठी राखून ठेवावा, असे म्हटले होते. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा.

जबाबदारी कायद्यात आणण्याची हालचाल २००९ नंतर सुरू झाली. त्या वर्षी जुलैमध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांचे ‘कारितास इन वेरितात’ हे परिपत्रक आले होते. या विषयावरची सगळीच चर्चा ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीला पटेल अशी नाही, तरी केवळ मालकांच्या हितापुरता उद्योग चालविता येणार नाही ही जाणीव वाढते आहे, असे त्यांनी नोंदविले होते. डिसेंबरात भारत सरकारने स्वेच्छेने पाळावयाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. मार्च २०१० मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांना नफ्याच्या प्रमाणात खर्चाची टक्केवारी ठरवून देण्यात आली. खासगी कंपन्यांसाठीही ती सक्तीची असावी, असा आग्रह संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने धरला. कंपनी विधेयक डिसेंबर २०१२ मध्ये लोकसभेत आणि ८ ऑगस्ट २०१३ रोजी राज्यसभेत संमत झाले. त्यातील १३५ वे कलम १ एप्रिल २०१४ पासून अमलात आले. ५०० कोटींचे नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक जरी अट पुरी झाली तरी त्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावेत, असे ते कलम सांगते. हा कायदा जगात पहिलाच, असे आपल्याकडे हौसेने म्हटले जाते. तसे नाही, मॉरिशसने २००९ सालीच कंपन्यांच्या नफ्यातील २ टक्क्यांची अट घातली होती. विस्तार मात्र आपलाच सर्वांत मोठा.

त्याच जुलै-ऑगस्ट २०१३ मध्ये ओरिसात आणखी एक मोजमाप चालले होते. नियमगिरी पर्वतातील बॉक्साइटच्या खाणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी एप्रिलमध्ये ग्रामसभांचा कौल घेण्यास सांगितले होते. रायगडा व कालाहंडी जिल्ह्यांतील बारा ग्रामसभांनी एकामागून एक खाणीला नकार दिला. डोंगरिया कोंध लोकांनी आपला डोंगर विकासाच्या कोणत्याही आमिषापेक्षा मोलाचा मानला. दिल्लीत संसद टक्केवारी ठरवीत होती आणि नियमगिरीत गावे हिशेब घेत होती. दोन्ही गोष्टी एकाच पावसाळ्यात घडल्या, आणि एकीची खबर दुसरीला नव्हती.

आता या कायद्याने राष्ट्राच्या पातळीवर काय साधले ते पाहू. २०१४-१५ या पहिल्या वर्षी सुमारे १०,००० कोटी रुपये खर्च झाले. २०२२-२३ मध्ये हा आकडा ३०,००० कोटींच्या जवळ गेला आणि खर्चाच्या कक्षेत आलेल्या कंपन्यांची संख्या सुमारे २४,००० होती. शिक्षण आणि आरोग्य यांवर सर्वाधिक पैसा गेला. कित्येक शाळांना इमारती मिळाल्या, दवाखान्यांना यंत्रे मिळाली, खेड्यांत पाण्याच्या टाक्या उभ्या राहिल्या. हे सारे खरे आहे आणि त्याबद्दल कुरकुर करण्याचे कारण नाही. ख्रिस्तसभेच्या आश्रयाखालील अनेक शाळा, रुग्णालये आणि सामाजिक केंद्रे यांनाही हा मार्ग खुला आहे. तीन वर्षांच्या कामाचा दाखला, प्राप्तिकर कायद्याखालील नोंदणी आणि एप्रिल २०२१ पासून कंपनी खात्याकडील नोंदणी क्रमांक असला म्हणजे न्यास वा संस्था पात्र ठरते.

पण मोजले काय गेले? मोजले गेले ते खर्चलेले रुपये. सुरुवातीच्या काळात खर्च करा किंवा न केल्याचे कारण सांगा, एवढाच नियम होता. मोठ्या संख्येने कंपन्यांनी कारण सांगणे पसंत केले. २०१९ साली कायद्यात तुरुंगवासाची तरतूद आली, उद्योगांनी ओरड केली, ती अमलात येण्यापूर्वीच मागे घेतली गेली आणि जानेवारी २०२१ पासून आर्थिक दंडाची व्यवस्था लागू झाली. न खर्चलेली रक्कम आता ठरावीक मुदतीत वेगळ्या खात्यात किंवा सरकारी निधीत भरावी लागते. ऐच्छिक जबाबदारी म्हणून सुरू झालेली गोष्ट हळूहळू कराचे रूप घेऊ लागली, आणि कर म्हटले की माणूस जेवढ्यास तेवढे भरतो. धम्मिका धर्मपाल आणि विक्रमादित्य खन्ना या अभ्यासकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हेच दिसले : पूर्वी २ टक्क्यांहून कमी देणाऱ्यांनी हात सैल केला, पण पूर्वी त्याहून अधिक देणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी आपला खर्च कमी केला. किमान मर्यादा हीच पुष्कळांची कमाल मर्यादा झाली. समता खटल्यातील वीस टक्क्यांची तर कोणाला आठवणही राहिली नाही.

पैसा कोठे गेला, हा पुढचा प्रश्न. कंपनीने आपल्या परिसरास अग्रक्रम द्यावा, असे कायद्यात लिहिले आहे. साहजिकच जेथे कारखाने आणि कार्यालये, तेथे पैसा. महाराष्ट्र पहिल्या क्रमांकावर. २०२२-२३ मध्ये आपल्या राज्यात ५,००० कोटींहून अधिक खर्च झाला. ईशान्येकडील राज्यांच्या वाट्याला नगण्य रक्कम आली. ज्यांच्याकडे उद्योग नाही, त्यांच्याकडे उद्योगाची जबाबदारीही पोहोचत नाही. त्यातून सरकारी आकडेवारीत ‘संपूर्ण भारत’ अशी एक मोघम नोंद असते, आणि तिच्याखाली हजारो कोटी दाखविलेले असतात. हिशेबाच्या वहीत ‘इकडे तिकडे’ असे लिहिणाऱ्या दुकानदाराच्या मुनिमाला शेठजी कामावर ठेवील काय?

कायद्याच्या सातव्या परिशिष्टात कोणती कामे चालतील याची यादी आहे. तिचा अर्थ कसा लावला जातो, याचा एक नमुना भारताच्या महालेखापरीक्षकांनी २०१८ साली दाखवून दिला. सार्वजनिक क्षेत्रातील पाच तेल कंपन्यांनी गुजरातेतील सरदार पटेलांच्या भव्य पुतळ्यासाठी सामाजिक जबाबदारीच्या खात्यातून सुमारे १४७ कोटी रुपये दिले होते. ते वारसास्थळाच्या जतनात बसत नाही, असा लेखापरीक्षकांचा आक्षेप होता. सरदारांविषयीचा आदर वेगळा आणि हिशेबाचे खाते वेगळे. २०२० च्या महामारीत पंतप्रधानांच्या मदतनिधीला दिलेली देणगी या खात्यात धरली गेली, मुख्यमंत्र्यांच्या निधीला दिलेली धरली गेली नाही. मोजपट्टी दिल्लीच्या हाती असली की तिच्यावरील खुणाही दिल्लीकडूनच उमटतात.

खर्चापलीकडे जाऊन परिणाम मोजावा, ही सुबुद्धी २०२१ मध्ये झाली. ज्या कंपनीची तीन वर्षांची सरासरी देय रक्कम १० कोटी वा अधिक आहे, तिने १ कोटीच्या वरचे प्रकल्प पूर्ण होऊन वर्ष लोटल्यावर त्यांच्या परिणामांचे स्वतंत्र संस्थेकडून मूल्यमापन करून घ्यावे, असा नियम झाला. उद्देश चांगला. परंतु ही स्वतंत्र संस्था निवडते कंपनी, तिचे बिल भरते कंपनी, आणि त्या बिलाचा काही भाग पुन्हा सामाजिक खर्चातच दाखविता येतो. ज्याला गुण द्यायचे त्याच्याच पंगतीला परीक्षक बसला की उत्तरपत्रिका कशी तपासली जाणार? असे अहवाल आम्ही वाचले आहेत. लाभार्थ्यांची हसरी छायाचित्रे त्यांत भरपूर असतात. पाण्याची टाकी बांधल्यावर तिसऱ्या उन्हाळ्यात तिच्यात पाणी होते का, याचे उत्तर शोधावे लागते.

याहून वेगळी रीत या देशाला माहीत नाही असे नाही. डिसेंबर १९९४ मध्ये राजस्थानात पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली. सरकारी कामांचे हजेरीपट आणि बिले गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचण्यात आली आणि ज्यांची नावे त्यांत होती त्यांनी उभे राहून खरे काय ते सांगितले. त्या रीतीतूनच २००५ च्या रोजगार हमी कायद्यात ग्रामसभेकडून सामाजिक लेखापरीक्षेची तरतूद आली. कोतवाल समितीने कंपनीच्या दारात जी तपासणी केली आणि पालीच्या गावकऱ्यांनी मांडवाखाली जी केली, त्या दोहोंत एक साम्य आहे : तपासणाऱ्याचा पगार तपासल्या जाणाऱ्यावर अवलंबून नव्हता. २०१३ च्या कायद्याने सामाजिक लेखापरीक्षा हा शब्दही वापरलेला नाही.

सर्वांत मोठी उणीव निराळीच आहे. हे सारे मोजमाप नफा झाल्यानंतर सुरू होते. नफा कसा झाला, हे ते विचारीत नाही. कंत्राटी कामगारांना किमान वेतन मिळाले का, खाडीत सांडपाणी सोडले का, विस्थापितांचे पुनर्वसन झाले का, यांतले काहीच त्या २ टक्क्यांच्या तक्त्यात येत नाही. काही प्रमाणात ही उणीव भांडवल बाजाराच्या नियामक मंडळाने भरून काढली आहे. २०१२ पासून मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांना जबाबदारीचा अहवाल देणे भाग पडले, आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १,००० कंपन्यांना पाणी, ऊर्जा, अपघात, वेतन, स्त्री-पुरुष प्रमाण, तक्रारी यांचे तपशील ठरावीक नमुन्यात द्यावे लागतात. आमच्या दृष्टीने खरे राष्ट्रीय मोजमाप झालेच तर या दुसऱ्या वाटेने होईल. मात्र शेअर बाजारात नाव नसलेल्या कंपन्या आणि साखळीच्या शेवटच्या टोकाचे छोटे कंत्राटदार तिच्या बाहेरच राहतात, आणि आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ तरुण नेमके तेथेच नोकरीला आहेत.

जक्कयच्या प्रसंगात हा फरक फार नेमका सांगितलेला आहे. प्रभू येशू घरी आल्यावर त्या जकातदाराने दोन वेगळ्या घोषणा केल्या. अर्धी मालमत्ता गरिबांना, ही पहिली. ज्यांना लुबाडले असेल त्यांना चौपट परत, ही दुसरी. पहिलीने दुसरीची फेड होत नाही, हे त्या हिशेबी माणसाला पक्के ठाऊक होते. आपल्या कायद्याने पहिल्या घोषणेचा चोविसावा-पंचविसावा हिस्सा घेतला आणि दुसरी अन्य खात्यांकडे सोपविली. ती खाती, म्हणजे कामगार आयुक्तालय आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ, आपापले आकडे आपापल्या कपाटात ठेवतात. एकाच कंपनीवर बसलेला दंड आणि तिने बांधलेली शाळा हे एका पानावर शेजारी शेजारी मांडणारी राष्ट्रीय नोंद आजवर निर्माण झालेली नाही.

ख्रिस्ती संस्थांनाही या बाबतीत सावध राहावे लागेल. परदेशी देणग्यांवरील निर्बंध २०२० च्या दुरुस्तीनंतर अधिक कडक झाले, आणि संस्थांची नजर साहजिकच देशातील कंपन्यांच्या निधीकडे वळली. शाळेच्या नव्या इमारतीवर ज्या कंपनीची पाटी लागते, तिच्या कारखान्यातील कंत्राटी कामगारांचा मोर्चा उद्या आपल्याच चर्चच्या आवारात सभेसाठी जागा मागायला आला, तर आवाराचे दार उघडायचे की नाही? हा प्रश्न देणगीचा अर्ज भरण्यापूर्वी धर्मग्राम परिषदेत चर्चिला जावा, असे आम्हांस वाटते. ‘रेरुम नोवारुम’ प्रसिद्ध झाले तेव्हाही युरोपातील पुष्कळ चर्चची छपरे कारखानदारांच्या देणग्यांवर उभी होती.

कंपनीने आपल्या सामाजिक कामांचा तपशील आपल्या संकेतस्थळावर ठेवावा, असे नियमांनुसार बंधन आहे. वार्षिक अहवालाचा नमुनाही ठरलेला आहे. त्यात प्रकल्पाच्या गावाचे नाव लिहावेच असे नाही. पण त्या पैशातून इमारत, यंत्र किंवा अन्य मालमत्ता उभी केली असेल, तर तिचा पत्ता पिनकोडसह द्यावा लागतो, आणि ती कोणाच्या नावे आहे तेही. आपल्या पिनकोडखाली कोणती मालमत्ता नोंदलेली आहे ती पाहावी, मग रविवारी मिस्सानंतर पायी जाऊन ती जागेवर आहे का तेही पाहावे.